कुंकू लावलेली फ्लॉपी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या विजयाताई वारल्या तेव्हाही टाळणारच होतो. पण जळगावच्या शोकसभेत आमचे जुने मालक ‘काटेकोरपणाचा आदर्श हरपला’ म्हणून गळा काढू लागले आणि मला किळस आली. याच माणसाने ताईंना निष्काळजी ठरवून घरी पाठवलं होतं. आणि पहिल्या रांगेत बसून मान डोलावणारा मी… मी तर त्यांच्याहून हलका.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. फाटकावर कापसाच्या गाड्या लागल्या की कोणाचा नंबर कधी, हे तो सांगायचा. दिवसभर लिहिलेलं सगळं जोडून संध्याकाळी फ्लॉपीवर त्याची नवी प्रत निघायची, तिला आम्ही बिल्ड म्हणायचो. मालकांचं तत्त्वज्ञान एकच : सगळ्यात नवी तीच सगळ्यात चांगली. प्रत तपासायचं काम ताईंचं, आणि त्यांना ते मान्य नव्हतं. त्या खोट्या गाड्यांची रांग लावायच्या आणि मध्येच कॉम्प्युटरची पिन उपटायच्या. वीज परत आल्यावर रांग जशीच्या तशी दिसली, तरच त्या फ्लॉपीला कुंकवाचं बोट लागे. धुळ्या-जळगावात विजेचा भरवसा नाही, एवढं साधं शहाणपण त्यात होतं. आम्ही मात्र दात काढायचो.

“ताई, आता फ्लॉपीची ओटीही भरा!”

“भरेन की. आधी तिला शुद्धीवर तर येऊ द्या.”

त्या दिवाळीत ताई माहेरी बोदवडला गेल्या. नवी फ्लॉपी न तपासता टेबलावर राहिली होती, आणि ती अजून तपासलेली नाही हे त्यांनी मला बजावलंही होतं. ऑफिसातलं लक्ष्मीपूजन दरवर्षी मीच करायचो. कॉम्प्युटर, प्रिंटर, फ्लॉप्या… सगळ्यांना कुंकू लावून मोकळा झालो. पाडव्याला धुळ्याच्या जिनिंगमध्ये मुहूर्ताची खरेदी होती. मालक ती फ्लॉपी उचलून मला घेऊन निघाले. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. सणाच्या दिवशी कटकट कोण करणार?

दुपारी वीज गेली, आली, आणि रांग पुसली गेली. मागून आलेल्या व्यापाऱ्याच्या ट्रकला पहिला नंबर मिळाला. सकाळपासून ताटकळलेला एक म्हातारा शेतकरी गेलेला नंबर विचारत कॉम्प्युटरवर काठी आपटून ओरडला, “सकायपाईन उभा शे मी! मना नंबर कथा गया?”

“ही पास कोणी केली?” मालकांनी मला विचारलं.

“कुंकू आहे ना,” मी म्हणालो. “ताईंनीच केली असणार.”

ताई परतल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना फैलावर घेतलं. “मी ती तपासलीच नव्हती,” त्या म्हणाल्या.

“मग हे कुंकू आलं कुठून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसलो. मग त्यांनी पर्स उचलली आणि शांतपणे म्हणाल्या, “नाना, पूजा छान झाली हो तुमची.”

आमचा धंदा लहान, तोंडं मोठी. ‘न तपासता पास करणारी बाई’ ही ओळख त्यांच्याआधी प्रत्येक दारात पोचली. कॉम्प्युटरचं काम त्यांना पुन्हा कोणी दिलं नाही. आयुष्यभर त्यांनी गणिताच्या शिकवण्या घेतल्या.

पुढे शिरपूरला एका लग्नात भेटल्या. पंगतीत वाढत होत्या. माझ्यापुढे वाकून म्हणाल्या, “नाना, जिलेबी घ्या ना.” आवाजात राग नव्हता. ‘ताई, ते कुंकू माझं होतं, माफ करा’ एवढंच म्हणायचं होतं.

मी पानावर हात आडवा धरला आणि म्हणालो, “साखर आहे मला.”

तेव्हा मला साखरही नव्हती.