चुडामणचं मीठ बघणं

एरंडोलकडच्या आमच्या गावात चुडामणपेक्षा चुडामणच्या दातांना जास्त मान होता. हा गडी कोंबडीचं हाड असं फोडायचा, की दारातलं कुत्रं आशा सोडून निघून जायचं. कुणाच्याही घरी कोंबडी असो, ती शिजायची अंगणातल्या चुलीवर, आणि चुलीपाशी चुडामणच. पंगतीत कुणी बोळका म्हातारा दिसला की हा मोठ्यानं विचारणार, "नाना, तुमले केळं आणू का?" आमच्याकडे केळ्यांना काय तोटा! माझे दात आधी गेले, त्यामुळे त्याच्या कृपेनं मी घडच्या घड पचवलेत.

मग एकदाचा देवाला न्याय आठवला. गेल्या वर्षी धुळ्याच्या डॉक्टरनं चुडामणचे सगळे दात काढले आणि कवळी दिली. ती तो फोटोपुरती घालतो; एरवी ती वाटीत एकटीच हसत बसलेली असते. वरण-भात पुढे आला की ताट सरकवून म्हणे, "हाई बिमारनं जेवण शे. मी खास नही." सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबायला लागला. आपल्यालाच कुणी केळं विचारेल, या धास्तीनं पंगतीला जाणंही सोडलं. ऐट मात्र वाळली नाही.

शेवटी सून मेघा मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "आबा, चिकन नूडल्स सूप करते. तिखट, क्रीमवालं. चावायचं कामच नाही."

असा सोहळा चुकवतो कोण! खिशात एक केळं घालून मी हजर.

मेघाची सासू मंजुळाबाई. त्यांना कोंबडी घरात चालत नाही, म्हणून सूप अंगणातल्या चुलीवर. क्रीमचं नाव निघताच त्या कडाडल्या, "कोंबडीमा साय? अंगवर कोड निघी!" मेघानं सायीऐवजी भिजवलेले शेंगदाणे दुधासारखे गुळगुळीत वाटले. नूडल्सऐवजी तिनं घरच्या शेवया मागितल्या. त्या खिरीसाठी, आखाजीच्या सणाला येणाऱ्या पाहुण्यांकरता जपलेल्या. मंजुळाबाईंनी डबा असा पुढे केला, जणू मंगळसूत्रच काढून देताहेत.

खाटेवरून चुडामणचं कीर्तन सुरूच. "खीरमा कोंबडी पडनी का कोंबडीमा खीर?" मेघा शिजलेली कोंबडी बोटांनी सोडवत होती, तरी हा म्हणे, "जाळ कमी शे. कांदा भाजेल नही."

"मग तुम्हीच या ना, आबा."

एवढंच हवं होतं. उठला, सुनेला बाजूला सारलं, निखाऱ्यात कांदा-खोबरं भाजून वाटायला लावलं, वर मूठभर काळा मसाला. शेंगदाण्याचा रस्सा दाट झाला, शेवया त्यात पोहायला लागल्या, आणि वासानं मला खिशातल्या केळ्याची लाज वाटली.

"वाढू, आबा?"

"मी खास नही. फक्त मीठ देखस."

एक वाटी मीठ बघितलं. दुसरी वाटी, तळाला मीठ कमी असतं म्हणून. तिसरीला तर कारणही सांगितलं नाही.

मंजुळाबाई पदराआडून म्हणाल्या, "मीठ देखी ऱ्हायनात का जेवी ऱ्हायनात?"

चुडामणनं वाटी तोंडाला लावली. नाकाला घाम, मिशीला शेवई. मग एक वाटी भरून त्यानं माझ्यापुढे सरकवली आणि खाली बघत म्हणाला, "नाना, तुम्ही बी मीठ देखा."

मीठ अगदी बरोबर होतं. तरी खात्री करायला मला चार वाट्या लागल्या. केळं मी जाताना कुत्र्याला टाकलं. त्यानं हुंगून चुलीकडे बघितलं.