आक्कांची कुडी आणि माझं गाजर

निवृत्त माणसाला एखादा छंद हवा, असं सगळे सांगतात. त्या छंदाचा त्रास कुणाला होईल, हे कुणी सांगत नाही. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर मुलाने मला मेटल डिटेक्टर भेट दिला. वडिलांना इतिहासाची आवड आहे, तर त्यांनी तो खणून काढावा, असा त्याचा हिशेब असावा. किल्ल्यावर असलं यंत्र घेऊन गेलं तर नाण्याच्या आधी पोलीस सापडतात, हे मला माहीत होतं. त्यामुळे इतिहास बाजूला ठेवून मी लोकांच्या हरवलेल्या वस्तूंकडे वळलो.

या यंत्राचे दोन भाग. लांब दांड्याचं मोठं यंत्र जमिनीवरून फिरवायचं. ते 'इथे कुठेतरी काहीतरी आहे' एवढंच सांगतं, एखाद्या सरकारी खात्यासारखं. नेमकी जागा दाखवायला हातात मावणारा पिनपॉइंटर असतो. त्याचं टोक खड्ड्यात घालायचं. धातू जवळ आला की तो थरथरतो आणि ओरडतो. माझा पिनपॉइंटर नारिंगी होता, एका टोकाला निमुळता.

पहिली मोहीम पाटणच्या वरच्या अंगाला, मेहुण्याच्या रानात झाली. त्याची मोटारसायकलची किल्ली हरवली होती. तिथली माती जांभ्याची, म्हणजे लोखंडाने लाल झालेली. पिनपॉइंटर कुठेही टेकवला तरी ओरडायचा. दुपारपर्यंत मी मेहुण्याला, तुझ्या रानाखाली खाण आहे, असं जवळजवळ पटवलं होतं. किल्ली त्याच्या बायकोला धुवायच्या कपड्यांत मिळाली.

एवढ्यावर छंद सोडायला हवा होता. पण गेल्या श्रावणात सांगलीच्या मित्राचा फोन आला. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. माधवनगरच्या पुढे त्याची शेती आहे.

"गड्या, तुझं ते यंत्र घेऊन ये. आईच्या कानातली कुडी परड्यात पडलीय."

"येतो की या आठवड्यात."

"या आठवड्यात न्हाई, उद्या ये. कुडी मिळंस्तवर दूध बंद, असा नियम घेतलाय तिनं."

मला त्यातलं गांभीर्य लगेच कळलं. त्याच्या आईला सगळं गाव आक्का म्हणतं. वय ऐंशीच्या पुढे. जैन घरातले सगळे नियम त्या हसतखेळत पाळत आल्या आहेत. त्यांचा एकच मोह म्हणजे घरच्या म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा. तोच त्यांनी सोडला होता. "बिनदुधाचा पिऊन बघितला तिनं," मित्र म्हणाला. "काढा हाय म्हणाली आणि तुळशीला घातला. डोकं धरून बसलीया आठवडाभर. पण नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो. परडं म्हणजे घरामागची भाजीची जागा. पूर्वी तिथे द्राक्षबाग होती. बाग काढली, पण मांडवाच्या तारेचे तुकडे मातीतच राहिले. माती काळीभोर, पावसाने चिकट झालेली. मी पिशवीतून पिनपॉइंटर काढला, तशा बाजल्यावर बसलेल्या आक्का सावध झाल्या.

"आरं लेका, ह्ये काय? आमच्या घरात गाजर चालत न्हाई."

"आक्का, हे यंत्र आहे."

"मग चालंल. पण खड्डा तळहाताएवढाच घ्यायचा. चातुर्मास हाय. मातीत गांडुळं हायती."

मित्र म्हणाला, "आई, तिकडं उसात ट्रॅक्टर फिरतो तवा गांडुळं नसतात व्हय?"

"त्ये पोटासाठी. ह्ये कानासाठी," आक्का म्हणाल्या. मित्र खुरपं आणायला गेला.

कुंपणाला शेजारीपाजारी जमले होते. प्रमुख पाहुण्यांची टिंगल करण्यात माझी उमर गेली. पण समोर चार माणसं उभी राहिली की माझीही पाठ ताठ होते, हे त्या दिवशी कळलं. दीपप्रज्वलनाला मेणबत्ती धरतात तसा मी पिनपॉइंटर उंच धरला, शेजाऱ्यांना दोन वाक्यांत विज्ञान सांगितलं आणि बटण दाबलं. संवेदनक्षमता अर्थातच सर्वांत वरची. कमी ठेवायला मी काय नवशिका होतो?

टोक मातीला लावलं आणि तो ओरडायला लागला. इकडे लावा, तिकडे लावा, तेच. शेजाऱ्यांना वाटलं, परडंभर सोनं आहे. मी मोठ्या यंत्राने जागा धरायचो, मित्र तळहाताएवढा खड्डा घ्यायचा, आणि आत पिनपॉइंटर सगळ्याच बाजूंना बोंबलायचा. मग बोटांनी माती चाळायची. तार निघायची. तार निघाली की मी विजयी मुद्रेने 'पुढे' म्हणायचो आणि खड्डा बुजवायचो. एकदा बाटलीचं बूच, एकदा गुटख्याची चंदेरी पुडी. प्रत्येक खड्ड्यातलं गांडूळ केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन आक्का स्वतः जास्वंदीखाली सोडून येत होत्या. माझ्या शोधापेक्षा त्यांचं काम नेटकं चाललं होतं.

ऊन कलू लागलं तसा मित्र अस्वस्थ झाला. "गड्या, जरा हात उचल. दिवस मावळल्यावर ती पाणीसुद्धा घेत न्हाई. त्याच्या आत मिळाली तर आज चहा. न्हाई तर उद्यावर गेलं."

आत त्याच्या बायकोने आशेने चुलीवर दूध ठेवलं होतं. त्याचा वास परड्यापर्यंत आला. आक्कांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

मग मी पायरीवर बसलो आणि यंत्राच्या डब्यातलं माहितीपत्रक काढलं. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड अजून बंद होतं. 'आधी वाचा, मग विचारा' ही पाटी मी जन्मभर माझ्या टेबलावर ठेवली होती. पत्रकात सरळ लिहिलं होतं: अवघड मातीत संवेदनक्षमता कमी करा. पिनपॉइंटरचं टोक त्याच मातीला टेकवून मगच तो चालू करा. म्हणजे तो त्या मातीलाच शांतता धरतो आणि मातीहून वेगळं काही आलं तरच बोलतो. मी त्याला हवेत जन्म देऊन मातीत ढकलत होतो. बिचारा ओरडणार नाही तर काय करील?

मी बटण दोन पायऱ्या खाली आणलं, टोक मातीला टेकवलं आणि यंत्र चालू केलं. आवाज नाही. मातीवरून फिरवलं, तरी नाही.

"बंद पडलं काय रं?" मित्राने विचारलं.

"नाही. आत्ता चालू झालं."

पत्रकात आणखी एक ओळ होती: एक वस्तू निघाली तरी खड्डा पुन्हा तपासा. मी बुजवलेले खड्डे एकेक उघडत निघालो. कोथिंबिरीच्या वाफ्याजवळच्या खड्ड्यात पिनपॉइंटरची बाजू कडेला लावून हळू फिरवली. डाव्या अंगाला तो बारीक थरथरला. टोक तिथे नेलं, तशी थरथर वाढत गेली. बोटाने ढेकूळ काढलं आणि फोडलं. आत एक गांडूळ होतं आणि गांडुळाशेजारी कुडी होती. दुपारी याच खड्ड्यातून मी तार काढली होती आणि 'पुढे' म्हणालो होतो. कुडी तेव्हा तारेपासून दोन बोटांवर होती.

मी मान वर केली. उसाच्या शेंड्यांवर सूर्य नव्हता.

आक्कांनी आधी गांडूळ जास्वंदीखाली नेलं. मग कुडी धुतली, कानात घातली आणि म्हणाल्या, "लय चांगलं झालं. आता सकाळी."

सुनेने माझ्यापुढे चहाचा कप आणून ठेवला. मी तो उचलेना. "पी, लेका," आक्का म्हणाल्या, "तुझा कुठं नियम हाय?" मी प्यालो. घट्ट होता, साय आलेली. इतका उत्तम चहा इतक्या लाजेने मी कधी प्यालेलो नाही. रात्री साताऱ्याला परतायचं ठरलं होतं, ते मी रद्द केलं.

सकाळी, ऊन अंगणात आल्यावर, आक्का बशीत चहा ओतून बसल्या. पहिला घोट डोळे मिटून घेतला. मग म्हणाल्या, "आण तुझं गाजर. कानाला लावून बघ."

या वेळी मी ते हवेतच चालू केलं. कानाला माती नव्हती. टोक कुडीजवळ नेताच ते किंचाळलं. आक्का दचकल्या, बशीतला चहा लुगड्यावर सांडला, आणि त्या पदराने तोंड झाकून हसत सुटल्या.

"ह्या बाजूचीपण बघ," त्यांनी दुसरा कान पुढे केला. "आणि सूनबाई, सांडला त्येवढा परत घाल."