चिमूटभर केस, मुळाजवळचे

केस गोळा करायचं काम घेतलं, की किस्से आपोआप गोळा होतात. फोमला, टीव्हीच्या डब्याला पटकन आग लागू नये म्हणून त्यात रसायनं घालतात. ती माणसाच्या अंगात किती उतरली, हे हिंगोलीतली आमची छोटी लॅब केसांवरून शोधते. म्हणजे, शोधता शोधता आम्हीच थकतो!

*

डोक्याच्या मागून, मुळाजवळून, चिमूटभर केस कापायचे. आखाडा बाळापूरला एका काकांचे कापले. त्यांनी मागे हात फिरवला आणि भडकले, "एकाच जागी काहून कापले? आता बराबर करून द्या!" करून दिले. तर फुकट कटिंगसाठी त्यांच्यामागे रांग लागली!

*

एक मावशी डोकं तेलानं थबथबवून आल्या. "लॅबला असे कोरडे केस देणं बरं दिसतं व्हय?" ते तेल धुण्यात माझा अख्खा दिवस गेला.

*

एका आजोबांना करणीची भीती. "काम झालं की केस वापस करा." म्हटलं, आजोबा, त्यांची पूड करून औषधात भिजवली, आता नुसतं पाणी उरलंय.

"मग ते पाणी द्या!"

*

वारंगा फाट्यावर शोभाताई ट्रकच्या सीटांत फोम भरतात. त्यांचा एकच प्रश्न, "माझं सोडा. लेकरू दिवसभर फोमच्या ढिगावर झोपून राहिलंय. त्याच्या अंगात गेलं का?" पण लेकराचे केस मिळेनात. जावळ आधी देवाला, असं सासूबाईंनी बजावलेलं.

*

इकडे लॅबमध्ये वेगळाच ताप. प्रत्येक तपासणीत एक नळी बिनकेसांची ठेवतात. ती स्वच्छ निघाली, तरच बाकीच्यांवर भरवसा. आमच्या रिकाम्या नळीतही रसायन! काचसामान घासून हात सोलले. शेवटी सापडलं : सरांची नवी फोमची खुर्ची. तिचीच धूळ नळीत पडत होती.

सर म्हणाले, "खुर्ची राहू द्या, टेबल हलवा!"

टेबल हलवलं. नळी स्वच्छ आली. हसायचंही त्राण उरलं नव्हतं.

*

त्याच आठवड्यात शोभाताई थेट लॅबवर आल्या. खांद्यावर लेकरू झोपलेलं, डोकं नुकतंच भादरलेलं. औंढ्याहून परस्पर आल्या होत्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक पुडी काढली. आम्ही केसांचे नमुने गुंडाळतो तशीच, चंदेरी कागदात. आत मऊ, भुरं जावळ.

"अर्धं नागनाथाला वाहिलं, अर्धं तुमाला आणलं. सासूबाईला सांगू नका."

मी पुडी हातात घेतली. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"देवालाबी विचारलं, ताई. त्यो काई बोलत न्हाई. तुमी तरी सांगा."