भोवरा आणि तेवीस जणी

माझी आत्या पार्सल कचेरीत वजनकाट्यावर बसायची आणि दर शनिवारी दुपारी आमच्या मुलींच्या मंडळाला समूहनृत्य शिकवायची. आवाज असा खणखणीत, की तिने "रांगा!" म्हटलं की चोवीस जणींची बडबड बंद.

त्या चोवीसांत एक होती भोवरा. हे नाव आम्हीच पाडलेलं, कारण सगळ्या एकीकडे वळल्या की ही हमखास उलटी गिरकी घ्यायची आणि शेजारणीला कोपर मारायची. "अगं, लक्ष कुठंय तुझं?" आत्या ओरडायची. भोवरा नुसती मान खाली घालायची. शेवटी आत्याने तिला मागच्या रांगेच्या टोकाला उभं केलं.

सगळ्या मंडळांच्या नाचाच्या मेळाव्याला तीन आठवडे उरले असताना आत्या कचेरीच्या पायरीवरून घसरली. घोट्याला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "नाच विसरा."

"मी कुठं नाचते? मी नाचवते!" असं म्हणून ती शनिवारी माझ्या खांद्यावर भार टाकत हॉलवर हजर.

आता पाऊल करून दाखवता येईना, म्हणून खुर्चीत बसून ती नुसती सांगू लागली. "उजवा पुढे, टाळी, उजवीकडे गिरकी!"

तेवीस जणी डावीकडे फिरल्या. बरोबर फिरली एकटी भोवरा.

आत्या चक्रावली. "पुन्हा!" पुन्हा तेच.

"भोवरे, इकडे ये. तुला कसं जमलं गं?"

"ताई, तुम्ही आमच्याकडे तोंड करून उजवा पाय टाकायच्या. तो आमच्या डाव्या हाताला येतो. ह्या सगळ्या तुमचे पाय बघून नाचतात. मी तुमचं ऐकते."

"मग वर्षभर मिठाची गुळणी धरून बसलीस होय?"

"तुम्ही ओरडायच्या ना!"

मग आत्या अशी हसत सुटली, की खुर्ची करकरायला लागली. "म्हणजे उलटी मी, आणि बोलणी खाल्ली ह्या पोरीने! चुकलं बाई माझं." सगळ्यांदेखत तिने भोवऱ्याचा हात धरून तिला पुढच्या रांगेत मधोमध उभं केलं, आमच्याकडे पाठ करून. "आता हिचे पाय बघा."

त्या दिवशी भोवरा पहिल्यांदाच आजूबाजूला न बघता नाचली. गिरकी घेताना तिची वेणी गोल उडत होती.

मेळाव्यात पहिलं बक्षीस दुसऱ्याच मंडळाने नेलं. पण बाहेर मैदानात आम्ही पुन्हा नाच धरला, तेव्हा बक्षीसवाल्या मुलीही धावत येऊन रांगेत घुसल्या. भोवरा त्यांना पावलं सांगत होती, आणि आत्या कुबडी आपटून ताल देत होती.