खंडेनवमीला धुतलेला रिॲक्टर

बिभीषण मूळचा करकंबचा, पण उभी हयात गेली ती सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत, सल्फ्युरिक ॲसिडच्या संगतीत. शर्टाला भोकं, हातांवर डाग आणि तोंडी एकच वाक्य, "ॲसिडला मी वळखतो, ॲसिड मला वळखतं." कामाला माणूस वाघ. फक्त कुणाचं ऐकायची वेळ आली की त्याचे कान गावाला जायचे.

या वर्षी कारखान्यात नवं ॲसिड बनू लागलं, सेलेनिक. तेही बिनरंगी, तसंच दाट, तसंच हवेतलं पाणी ओढून घेणारं. बिभीषणनं एक नजर टाकली आणि ठरवून मोकळा झाला, की हे सल्फ्युरिकचंच भावंड.

नवी केमिस्ट उत्कर्षा त्याच्या मुलीच्या वयाची. ती समजावत होती, "काका, दिसायला सारखं आहे, पण स्वभाव वेगळा. हे स्वतःतला ऑक्सिजन सहज सोडतं, समोरच्याच्या अंगावर टाकतं. कढत असलं तर सोनंसुद्धा विरघळवतं."

"सोनं? अवो मॅडम, नवी पेठेत सराफ ॲसिड लावूनच सोनं पारखतो की!"

सगळे हसले. ती हसली नाही. "आणि रिॲक्टर धुताना हायड्रोक्लोरिक अजिबात वापरायचं नाही. त्यातला क्लोरीन वायू मोकळा होईल. नुसत्या पाण्यानं धुवायचं, भरपूर पाण्यानं."

"व्हय व्हय," बिभीषण म्हणाला. ते व्हय कसलं होतं ते त्याच्या बायकोला, राजाबाईला विचारा. रोज जेवताना तो घरी उत्कर्षाची नक्कल करून दाखवायचा.

खंडेनवमी आली. कारखान्यात यंत्रांची पूजा म्हणजे घरचंच कार्य. बायकापोरं नटूनथटून येतात, यंत्रांना हार पडतात, नारळ फुटतात. त्याआधी जो तो आपलं यंत्र लख्ख करतो. बिभीषणचा रिॲक्टर, म्हणजे ॲसिड बनवायची ती उंच टाकी, अजून कोमट होता, तळाला ॲसिड राहिलेलं, तोंडाशी पांढरा थर. पाण्याचा टँकर काही आला नव्हता. सोलापुरात टँकरची वाट बघून कुणाची पूजा वेळेवर झाली आहे का? बाहेर गुरुजी घाई करत होते. बिभीषणनं दरवर्षी वापरायचा तोच हायड्रोक्लोरिकचा कॅन उचलला, रिॲक्टरच्या माळ्यावर चढला आणि झाकण उघडून ओतला.

आत चरचरलं. मग वास आला. गावी विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तोच वास, पण नाकात सुई खुपसावी तसा. झाकणातून हिरवट पिवळा धूर निघाला आणि वर न जाता माळ्याच्या कडेवरून खाली उतरू लागला.

आणि खाली राजाबाई उभी होती. हातात हळदीकुंकवाचं ताट. "अवो, स्वस्तिक कुटं काढू? हितं का तितं?"

"पळ! भाईर पळ!"

ती पळाली नाही. धूर दिसला की बाई जे करते तेच तिनं केलं. पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. तो वायू जड. जिथं ती बसली तिथंच तो साचत होता.

झाकण आपटून बिभीषणनं खुंटीवरचा मास्क ओढला आणि जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आला. डोळे मिटलेले, श्वास धरलेला, हातानं चाचपडत. पदर हाताला लागला. मास्क तिच्या तोंडावर दाबून तो तिला फरफटत दाराकडे नेऊ लागला. दार इतकं लांब कधीच नव्हतं. दम सुटला, एक घोट आत गेला, छातीत विस्तव पेटला. तेवढ्यात उत्कर्षा दारातून ओरडली, "काका, इकडे! वाऱ्याच्या उलट या!" मास्क लावून ती आत शिरली, आणि दोघांनी मिळून राजाबाईला उघड्यावर आणलं.

राजाबाईच्या ओठांचा रंग गेला होता. श्वास शिटीसारखा वाजत होता.

"काका, काय ओतलंत? दवाखान्यात सांगावं लागेल."

भोवती सगळा कारखाना जमलेला. उभ्या आयुष्याची पत त्या एका उत्तरावर होती. त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. "हायड्रोक्लोरिक," तो म्हणाला. "तुमी नको म्हनला व्हता, तेच."

उत्कर्षा फोन लावत होती.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात राजाबाईचा ऑक्सिजन काढला. घोगऱ्या आवाजात तिनं पहिलंच विचारलं, "त्या पोरीनं सांगितलं व्हतं न्हवं तुमाला?"

"व्हय."

"मग?"

बिभीषण चादरीची सुरकुती सरळ करत राहिला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "पोरीबाळीचं काय ऐकायचं, असं वाटलं."

राजाबाईनं तोंड छताकडे वळवलं. मग म्हणाली, "माजं तरी कवा ऐकलं?"

बिभीषण खिडकी उघडायला म्हणून उठला. ती उघडीच होती.