कारण क्रमांक सात

ग्वाल्हेर स्टेशनावर बाबा मला सोडायला आले, पण आत आले नाहीत. बाहेर टेम्पोंच्या रांगेजवळच उभे राहिले. आई एकटी प्लॅटफॉर्मवर आली. मी बावीस वर्षांची होते, हातात एक पत्र्याची ट्रंक होती आणि डोक्यात राग.

आईने मला बाजारात एक विद्या शिकवली होती. महाराज बाड्याजवळच्या कापडाच्या दुकानांत ती भाव करायची तेव्हा मला शेजारी बसवायची आणि हळूच म्हणायची, "उठायचं, चपला घालायच्या, मागे न बघता चालू लागायचं. हाक येते." हाक खरंच यायची. दरवेळी. त्या दिवशी मी तेच केलं. ट्रंक उचलली आणि मागे न बघता डब्यात चढले. मला खात्री होती की बाबा आत येतील, खिडकीपाशी उभे राहतील आणि म्हणतील, उतर, घरी चल, चूक माझी होती.

गाडी सुटली. डबरा गेलं, झाशी गेली. हाक आली नाही.

रागाचं कारण सांगते. बाबांच्या मावसभावाचा मुलगा नोकरी शोधायला म्हणून आमच्याकडे राहत होता. त्याने माझी सायकल परस्पर विकली. त्या सायकलवरून मी फूलबागेपलीकडे शिकवण्या घ्यायला जायची. माझं कॉलेज त्यावर चालत होतं. जाब विचारला तर त्याने भर गल्लीत माझ्या कानाखाली वाजवली. मी तशीच ठाण्यात गेले. तिथल्या साहेबाने तक्रार लिहून घेण्याआधी बाबांना बोलावणं धाडलं. बाबा आले, कोटाची बटणं नीट लावून, आणि हात जोडून म्हणाले, "घर का ही आदमी है, साहब." साहेबाने पेनाला टोपण लावलं. परतताना बाबा मराठीतही तेच म्हणाले, "घरचाच माणूस आहे ना गं."

तुमच्यापैकी जे ग्वाल्हेरात, आमच्या लष्कर भागातच राहिलात त्यांना ही गोष्ट माहीत असेल. आमच्या गल्लीत काही लपत नाही. आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्यांच्याजवळ अशीच एखादी गोष्ट असेल, जी दर मुक्कामाला ट्रंकेतून काढून पुन्हा घडी घालून ठेवावी लागते.

पुण्यात आले तर माझी मराठी कुणाला पटेना. मी "काम करून राहिले आहे" म्हटलं की घरमालकीण हसायची. विचारायची, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हणायची, तुमच्याच इथल्या, आमचे पूर्वज जरा आधी निघाले एवढंच. तिच्याशी पाण्यावरून भांडले, विद्यापीठात विभागप्रमुखाशी खोलीवरून भांडले, रिक्षावाल्यांची तर गणतीच नाही. कुणी ओळखीचं नव्हतं, शिफारस नव्हती. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. समितीच्या बैठकीतही मी आईची विद्या वापरली. फाइल बंद करायची, उठायचं, दाराकडे चालू लागायचं. पुण्यातल्या प्राध्यापकांनी मला बाड्यावरच्या दुकानदारांइतक्याच लवकर परत बोलावलं.

विषयही मी त्या चपराकीतूनच घेतला. पोलिसांच्या आकड्यांत फक्त ठाण्यापर्यंत पोहोचलेले आणि तिथे लिहून घेतलेले गुन्हे असतात. मी उरलेले शोधते. आमची माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत जातात, घरातल्या एका माणसाला एकट्याला बसवतात आणि विचारतात: गेल्या बारा महिन्यांत कुणी तुमची वस्तू नेली का? कुणी हात उगारला का? कोण होतं? पोलिसांना सांगितलं का? नसेल तर का नाही? दरवर्षी त्याच घरी पुन्हा जायचं, तेच प्रश्न विचारायचे. तेव्हा कुठे कळतं की त्रास वाढतोय की घटतोय.

"का नाही" या प्रश्नाखाली पूर्वी सहा कारणं होती. सातवं मी घातलं: घरचाच माणूस. त्यासाठी मी दोन बैठका भांडले. सहकारी म्हणत होते, हे "खाजगी बाब" मध्ये येऊन जातं. मी म्हणाले, येत नाही. खाजगी बाब हे पीडितेचं कारण असतं. घरचाच माणूस हे दुसऱ्या कुणीतरी तिच्या तोंडी घातलेलं असतं. शेवटी मी उठून चालू लागले आणि सातवं कारण छापलं गेलं. बाबा तेव्हा हयात नव्हते. असते तर मी त्यांना तो कागद पोस्टाने पाठवला असता.

मागच्या वर्षी आमचा सर्व्हे ग्वाल्हेरला गेला आणि चिठ्ठीत आमचंच घर निघालं. तिथे आता माझा मोठा भाऊ आणि वहिनी राहतात. माहिती गोळा करणारी नेहा लष्कर भागातलीच मुलगी, तिने फोन करून विचारलं, "मॅडम, ये तो आपका ही घर है. बदल दें?" निघालेलं घर बदलायचं नाही हा माझाच नियम. मी म्हटलं, बदलायचं नाही, तू जा, आणि त्या घराचा कागद मी बघणार नाही.

पण वर्गवारीसाठी जे कागद येतात त्यांवर घराचा नंबर नसतो. नाव नसतं, गल्ली नसते. घडलं काय एवढंच असतं, सांगणाऱ्याच्या शब्दांत. माझा तरुण सहकारी मयूर ते मोठ्याने वाचतो आणि आम्ही ठरवतो ही चोरी, ही मारहाण, हे काहीच नाही.

त्या दुपारी त्याने वाचलं: "सास की बरसी पर ननद आई. मशीन माँगी. मैंने कहा, इसी पर सिलाई करती हूँ, मोहल्ले के ब्लाउज़ इसी पर होते हैं. कमरे में ताला डाल दिया था. उसने रसोई से मूसली लाकर ताला तोड़ा."

मूसली म्हणजे खलबत्त्यातला बत्ता. आमचा पितळेचा आहे, एका बाजूने चेपलेला. मला तो हातात जाणवला, तिथे खुर्चीत बसल्याबसल्या. त्याचा थंडपणासुद्धा.

मयूर वाचत होता. "मैं दरवाज़े में खड़ी हुई तो धक्का दिया. चूड़ी टूटी, कलाई से ख़ून आया. मशीन टेम्पो में रखवाकर ले गई."

आईच्या वर्षश्राद्धाची माझी आठवण अशी नव्हती. माझ्या आठवणीत थोडी बाचाबाची झाली होती. माझ्या आठवणीत वहिनीने आईची वस्तू अडवून धरली होती, मी हक्काने घेतली होती, आणि टेम्पोवाल्याशी असा भाव केला होता की तो स्टेशनापर्यंत माझं कौतुक करत आला. ते पायाचं मशीन पुण्यात माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. त्यावर मी कुंड्या ठेवल्या. पाहुण्यांना सांगायची, ही माझी आई.

रक्त मला आठवत नव्हतं. मी तिथेच होते, आणि मला रक्त आठवत नव्हतं.

मयूर म्हणाला, "जबरी चोरी ना, मॅडम?"

मी काय केलं असेल? घासाघीस केली. तोंड आपोआप सुरू झालं. म्हटलं, मशीन सासूचं होतं, म्हणजे नणंदेचाही हक्क येतो. म्हटलं, हा घरगुती वाद आहे, याला चोरी म्हणता येणार नाही. म्हटलं, धक्का म्हणजे नक्की काय, बाजूला सारलं असेल.

मयूर हुशार मुलगा आहे आणि मीच त्याला शिकवलंय. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, वस्तूवर हक्क कुणाचा ते कोर्ट ठरवेल. कुलूप तोडलं का, अंगाला हात लावला का आणि तिच्या ताब्यातली वस्तू नेली का, एवढंच आपण बघायचं. हे तुमचंच वाक्य आहे."

मी फाइल बंद केली, उठले आणि दाराकडे चालू लागले. त्याने हाक मारली नाही. पेन धरून उत्तराची वाट बघत बसला. मी दारातून परतले आणि विचारलं, पोलिसांना का सांगितलं नाही म्हणते?

"सात," तो म्हणाला. "आणि पुढे लिहिलंय, पति ने कहा, जाने दे, घर की ही है."

मी त्याला सांगितलं की यातला माणूस माझ्या ओळखीचा आहे, माझं मत धरू नकोस, तिसऱ्या कुणाला तरी विचार. त्याने विचारलं. जबरी चोरी कायम झाली.

इतकी वर्षं मी पीडितांच्या बाजूला बसलेय, कारण मी त्यांच्यातली आहे असं मला वाटत होतं. दुसऱ्या बाजूला नेहमी तो मावसभावाचा मुलगा बसलेला असायचा. सायकल विकताना त्यालाही ती हक्काचीच वाटली असणार, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस मी काही बोलायला तोंड उघडलं की माझाच आवाज ऐकून दचकायची.

आता अडचण ही की मला काहीच माहीत असायला नको होतं. प्रत्येक प्रश्नावलीच्या सुरुवातीला आम्ही वचन देतो की तुमचं उत्तर घरच्या कुणालाही कळणार नाही. ते वाक्यही माझंच. म्हणजे माफी मागायची सोय नव्हती. मागितली असती तर दुसरा गुन्हा झाला असता. मी कुंड्या उतरवल्या. फळीवर पाण्याची गोल वर्तुळं पडली होती, चाकाला गंज चढला होता. मशीन गोणपाटात शिवून घेतलं आणि ग्वाल्हेरला घेऊन गेले. स्टेशनवरच्या टेम्पोवाल्याने जो भाव सांगितला तो मी दिला. त्याने दोनदा वळून बघितलं.

दादा कचेरीत गेला होता. वहिनी घरात होती. मी आधीपासून पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं: पुण्यात जागा पुरत नाहीये, तर इथे ठेवते.

वहिनीने गोणपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जागा पुरत नाही," ती म्हणाली, "की कागद वाचलात?"

होय म्हणणं शक्य नव्हतं आणि नाही म्हणणं खोटं होतं.

"काही गोष्ट नाही, शुभाताई. तुमच्या सर्व्हेवाली ती पोरगी बोलली, नाव कुठेच जाणार नाही. मी म्हटलं, नाव नको लिहू, मशीन लिही. मूसली लिही. ज्याला समजायचं त्याला समजेल." तिने सुरी आणून गोणपाटाची शिवण उसवायला घेतली. "फोनवर तुम्ही बोलू कुठे देता? मी हॅलो म्हणते तोपर्यंत तुमचं अर्धं भांडण होऊन जातं. ती चाळीस मिनिटं बसली होती. एकदाही टोकलं नाही तिने मला."

मी घरोघर माणसं पाठवते, ऐकायला शिकवून पाठवते. मधे बोलायचं नाही, सुचवायचं नाही, घाई करायची नाही, हे सगळं प्रशिक्षण मी स्वतः देते. आणि माझ्या वहिनीला माझ्यापर्यंत पोहोचायला तोच एक रस्ता सापडला होता.

मशीन बाहेर आलं. तिने गंज बघितला, बोट फिरवलं. तेलाची कुपी आणली, एकेका भोकात थेंब सोडला, दोरा ओवला आणि चिंधीवर शिवण मारून बघितली. टाके सुटत होते. मी विचारलं, मी काही करू का? ती म्हणाली, "चाक फिरवा. हळू. मी सांगेन तेव्हा थांबा." मी चाक फिरवलं. ती पुढे वाकली होती आणि बांगड्यांच्या वर, मनगटावर, पांढरी बारीक रेघ होती.

तेव्हा मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, मधेच मी आईचं काहीतरी सांगायला लागले, कारणं द्यायला लागले, तर ती म्हणाली, "चाक." मी पुन्हा चाक फिरवायला लागले.

निघताना मी विचारलं, हे कधी लिहिलं तर चालेल का? सुरीने उरलेले दोरे काढत ती म्हणाली, "लिहा. माझं नाव नको. आणि मूसलीचं सोडून नका देऊ." मग म्हणाली, "कागदावर जे आहे ते मात्र खोडू नका. मशीन आली म्हणून झालेलं नाही झालं असं थोडंच आहे."

घर म्हणजे काय असं मला पुण्यात कुणी विचारलं की मी इतकी वर्षं सांगत आले, जिथे माझी तक्रार लिहून घेतली नाही ते. आता तसं सांगता येत नाही. माझी तक्रार कुठेच लिहिलेली नाही हे अजून खरं आहे, आणि बाबांवरचा राग मी सोडला असंही म्हणणार नाही. पण त्या घरातून एक तक्रार लिहिली गेली आहे, आणि ती माझ्याविरुद्ध आहे.

या हिवाळ्यात नेहा पुन्हा त्याच घरी जाईल. वहिनीला एकटीला बसवेल आणि विचारेल, गेल्या बारा महिन्यांत कुणी तुमची वस्तू नेली का, कुणी हात उगारला का. तो कागद मी बघणार नाही. तोवर दर रविवारी फोन करते. वहिनी हॅलो म्हणते आणि मी थांबते.