धंदा झकास म्हणणारा मुकुंद

शैलाचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या बाजारात भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. "मुकुंद गेला गं, आत्ताच," एवढंच ती म्हणाली. मेथीची जुडी हातात धरून मी तशीच उभी राहिले. त्याला आता महिना उलटून गेला. दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग आहे, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

मुकुंद माझा कॉलेजपासूनचा मित्र, शैला त्याची बायको. शिक्षण संपल्यावर आम्ही सगळे नोकऱ्यांना चिकटलो आणि यानं घाटकोपरला एका गाळ्यात टेलिफोन घेऊन 'ठावठिकाणा' सुरू केलं. तुम्ही फोन करायचा, मिक्सर बिघडलाय म्हणून सांगायचं, की तो तुमच्या जवळचे दोन-तीन दुरुस्तीवाले सांगणार. पुढे इंटरनेट आलं, तशी त्यानं वेबसाइटही काढली. यादीत नाव घालण्याआधी त्याची माणसं दुकानात जायचीच, पण चौकशी करायची शेजारच्या दुकानात. स्वतःबद्दल कोण वाईट सांगणार, असं त्याचं म्हणणं. आणि दर सोमवारी यादी फिरायची. सगळ्यात वरचं नाव सगळ्यात खाली. त्याच्या लहानपणी चाळीच्या नळावर असाच क्रम फिरायचा, म्हणे. मुलुंडचा एक श्रीमंत फर्निचरवाला कायम वर राहायला हवे तेवढे पैसे द्यायला तयार होता. "सोमवारी या, तुमचा नंबर लागला तर बघू," असं सांगून यानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता, आणि त्या वेडेपणामुळेच लोकांचा त्याच्यावर विश्वास होता.

मग त्या दोन मोठ्या सर्च कंपन्या एक होणार अशी बातमी आली. मी म्हटलं, "होऊ देत रे, तुला काय करायचंय?" तो भडकलाच. "अगं, आज लोक माझ्याकडे येतात ते या दोघींतूनच ना? एकीनं मला खाली ढकललं तर दुसरी आहे. आणि दुसरी आहे म्हणून पहिली जरा दबून असते. नाक्यावर वडापावच्या दोन गाड्या आहेत तोवर चटणी मागता येते. एकच उरली ना, की मिळेल ते गिळायचं." मी म्हटलं, "पण शोधायला पैसे कुठे पडतात?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "पैसे पडत नाहीत म्हणूनच कुणाला काही वाटत नाही. पण कोण दिसणार, कोण नाही, हे एकच कंपनी ठरवायला लागली, तर माझ्या यादीतला साकीनाक्याचा तो वेल्डर जिवंत आहे हे तुला कळणार कसं?" मी अर्थशास्त्र शिकवते. मक्तेदारीचा धडा इतका सोपा करून मला कधी सांगता आला नाही.

तोवर त्या कंपन्यांनी शोधाच्या पहिल्या पानावरून त्याच्यासारख्या छोट्यांना हटवायला सुरुवातही केली होती. गाळ्यातली माणसं कमी झाली, फोन कमी झाले. विलीनीकरणाला परवानगी देणाऱ्या आयोगानं हरकती मागवल्या तेव्हा मुकुंदनं हरकत घेतली. वकील परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही दोघांनीच कागद तयार केले. सुनावणी व्हिडिओवर होती. त्याच्या गाळ्यात, त्याच्याच संगणकासमोर आम्ही बसलो होतो. तो छान बोलला. नळाचा क्रम, चटणी, सगळं. ऐकणारे लिहून घेत होते. आणि मग एका सदस्यानं सहज, अगदी आपुलकीनं विचारलं, "आपका धंदा अभी कैसा चल रहा है?"

इथे सांगायला हवं की मुकुंद दुकानदाराचा मुलगा. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. धंदा मंदा आहे असं परक्या माणसाला कधी सांगायचं नाही, गिऱ्हाईक घाबरतं, माल देणारा हात आखडतो... हे त्याच्या अंगात दुधाबरोबर भिनलेलं. त्यामुळे विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं, "एकदम झकास, साहेब!"

मी टेबलाखालून पाय मारला. त्यानं सारवासारव केली, आकडे सांगितले. पण समोरच्या वकिलानं ते एक वाक्य उचललं ते उचललंच. काही किरकोळ अटी घालून विलीनीकरण मंजूर झालं. निकालात एक ओळ होती, की हरकत घेणाऱ्याचा व्यवसाय त्याच्याच सांगण्याप्रमाणे उत्तम चालला आहे.

त्या एका शब्दानं निकाल फिरला असं मला वाटत नाही. एवढी मोठी धेंडं घाटकोपरच्या गाळ्यावर थोडीच अडतात? पण मुकुंदला तसंच वाटत राहिलं. "मीच वाट लावली गं सगळ्यांची," म्हणायचा. सगळ्यांची म्हणजे त्या वेल्डरची, शिवणवाल्यांची, चाव्या बनवणाऱ्यांची. वर्षभरात गाळ्यात तो एकटा उरला. आणि तरी कुणी विचारलं की झकासच. छातीत दुखत होतं तेव्हा शैलालाही तेच सांगितलं, आणि डॉक्टरांनाही. या माणसाच्या थोबाडीत मारावी असं मला आज वाटतं, आणि मारायला तो नाही.

परवा गाळा रिकामा करायला शैलाबरोबर गेले होते. वायरी गुंडाळत होतो, तेवढ्यात टेलिफोन वाजला. आम्ही दोघी दचकलो. शैलानं उचलला. विक्रोळीच्या एक आजी होत्या. शिलाई मशीन अडलंय, माणूस द्या. आवाज इतका खणखणीत की मला लांबून ऐकू येत होता. मी मोबाईलवर शोधून पाहिलं, तर वरती सगळ्या नव्या मशीन विकणाऱ्यांच्या जाहिराती. शैलानं भिंतीवरच्या यादीतून एक नंबर वाचून दाखवला. आजींनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "मुकुंदराव कसे आहेत? धंदा कसा चाललाय?"

शैलानं माझ्याकडे पाहिलं. "धंदा बंद पडला हो, आजी," ती म्हणाली. "फार वाईट चालला होता. आणि हे गेले."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. शैलानं रिसीव्हर हातातच धरून ठेवला होता.

"एवढंच तर म्हणायला हवं होतं गं त्यानं," ती म्हणाली.